शिकताना हवी, शिकल्यावर नको

परिचारिकांविषयी लिहिताना 'तुटवडा' आणि 'बेकारी' हे दोन शब्द एकाच वेळी वापरावे लागतात. रुग्णालयांना परिचारिका मिळत नाहीत आणि नव्याने उत्तीर्ण झालेल्या परिचारिकेला पहिली नोकरी मिळत नाही, अशी दोन्ही विधाने खरी असतात. या विसंगतीचे स्पष्टीकरण सामान्यतः मंदी, सरकारी भरतीवरील बंदी अशा तात्कालिक कारणांत शोधले जाते. ती कारणे खोटी नाहीत. पण ती पुरेशी वाटत नाहीत. या व्यवसायाच्या इतिहासात थोडे मागे गेले, विशेषतः अमेरिकेतील १९२० ते १९४५ या पंचवीस वर्षांकडे पाहिले, तर नव्या परिचारिकेची बेकारी ही रुग्णालये ज्या रीतीने चालवली जात होती तिच्यातूनच निपजली होती असे दिसते. प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः त्या काळाकडे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट'मधील (१८४३-४४) सेरी गँप आठवत असेल. हातात छत्री, तोंडाला दारूचा वास आणि रुग्णाविषयी कमालीची बेफिकिरी असलेली ही बाई इंग्रजी वाचकांच्या मनात जुन्या काळच्या शुश्रूषेचे प्रतीक होऊन बसली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जी शाळा निघाली, तिने या प्रतिमेच्या जागी एक शिस्तबद्ध, प्रशिक्षित आणि चारित्र्यसंपन्न स्त्री उभी केली. १८७३ साली न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन येथे याच धर्तीवर अमेरिकेतील पहिल्या शाळा सुरू झाल्या. या आरंभीच्या शाळांमागे समाजातील प्रतिष्ठित स्त्रियांच्या समित्या होत्या आणि रुग्णालयापासून काहीसे स्वतंत्र राहण्याची त्यांची धडपड होती. ती फार काळ टिकली नाही.

याचे कारण सरळ आर्थिक होते. शाळा काढली की वॉर्डात काम करायला मुली मिळतात, त्यांना जेवण, खोली आणि हातखर्चाला थोडे डॉलर दिले की भागते, हे रुग्णालयांच्या ध्यानात आले. १८८० साली देशात अशा शाळा पंधराच्या आसपास होत्या. १९०० साली त्या ४३२ झाल्या आणि १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी दोन हजारांचा आकडा ओलांडला. वीस-पंचवीस खाटांचे रुग्णालयही शाळा काढी. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा झाला तो ज्ञान वाढले म्हणून, असे सांगितले जाई. परंतु तिसऱ्या वर्षाची अनुभवी विद्यार्थिनी जवळजवळ फुकट हाताशी राहते, हा लाभ व्यवस्थापनाला दिसत नव्हता असे म्हणता येणार नाही. व्याख्याने होत ती दिवसभराचे काम आटोपल्यावर, रात्री. आणि वॉर्डात गर्दी असली की तीही रद्द होत. सुरुवातीच्या दशकांत तर काही शाळा आपल्या विद्यार्थिनींना श्रीमंतांच्या घरी शुश्रूषेसाठी पाठवीत आणि मिळालेले शुल्क रुग्णालयाच्या खात्यात जमा करीत.

आता पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी काय होत असेल, याची कल्पना करावी. तीन वर्षे ज्या वॉर्डात मुलीने रात्रंदिवस काम केले, त्या वॉर्डात तिची जागा घ्यायला पहिल्या वर्षाची नवी मुलगी आलेली असे. प्रमाणपत्र हातात पडले की ती पगार मागणार, म्हणून तिची गरज संपली. शाळा असलेल्या रुग्णालयांपैकी बहुसंख्य रुग्णालयांत रुग्णाच्या खाटेजवळ काम करणारी पदविकाधारक परिचारिका नावालाही नसे. तेथे तिच्यासाठी जागा असत त्या देखरेखीच्या, आणि त्या मोजक्या. सार्वजनिक आरोग्याचे क्षेत्र वाढत होते, पण तेही सगळ्यांना सामावून घेण्याइतके नाही. उरलेल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक परिचारिका खासगी शुश्रूषेकडे वळत. एक रुग्ण, एक परिचारिका. रुग्ण बरा झाला किंवा मरण पावला की काम संपले.

हे काम मिळे नोंदणी कचेरीतून. अमेरिकेत त्यांना 'रजिस्ट्री' म्हणत. काही रजिस्ट्री रुग्णालयांच्या माजी विद्यार्थिनींच्या संघटना चालवीत, काही डॉक्टरांच्या संस्था, आणि काही निव्वळ दलालीच्या पेढ्या असत व त्या मजुरीतून टक्केवारी कापून घेत. परिचारिकेने नाव नोंदवायचे आणि टेलिफोनजवळ बसून राहायचे. बाहेर पडावे तर नेमका त्याच वेळी निरोप येईल आणि नंबर पुढच्या मुलीकडे जाईल, ही धास्ती. हिवाळ्यात न्यूमोनिया, इन्फ्लुएन्झा यांची साथ असली की कामाला तोटा नसे. उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे कोरडे जात. घरी राहून शुश्रूषा करायची असेल तर दिवसाचे वीस-बावीस तास ड्यूटी असे. दुसऱ्याच्या घरात तिचे स्थान पाहुण्याचे की मोलकरणीचे, हेही निश्चित नसे. एखाद्या श्रीमंत रुग्णाने रुग्णालयात स्वतःसाठी खास परिचारिका नेमली, तर ती जिथे शिकली त्याच इमारतीत परत येई. पण रुग्णालयाची म्हणून नव्हे, त्या रुग्णाच्या पैशाने. याचीच दुसरी बाजू अशी की सांसर्गिक रोग, मनोरुग्ण किंवा चोवीस तासांचे काम नको, असे परिचारिका नोंदवून ठेवीत. त्यामुळे रजिस्ट्रीबाहेर डझनावारी मुली बसलेल्या असतानाही अशा रुग्णांना "परिचारिका उपलब्ध नाही" असे उत्तर मिळे. तुटवडा आणि बेकारी एकाच कचेरीत एकत्र नांदत होत्या.

या सर्वाची जाणीव व्यवसायातील धुरीणांना नव्हती असे नाही. रॉकफेलर फाउंडेशनच्या पाठबळाने तयार झालेल्या आणि १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या जोसेफीन गोल्डमार्क यांच्या अहवालाने, रुग्णालयाच्या गरजेपुढे शिक्षणाचा बळी जातो, हे स्पष्ट नोंदवले. १९२६ साली परिचर्या शाळांची प्रतवारी ठरवण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिच्या वतीने संख्याशास्त्रज्ञ मे आयर्स बर्जेस यांनी हजारो परिचारिका, डॉक्टर, रुग्ण आणि रजिस्ट्री यांच्याकडून माहिती गोळा केली आणि १९२८ साली 'नर्सेस, पेशंट्स अँड पॉकेटबुक्स' हा ग्रंथ सिद्ध केला. शीर्षकातले शेवटचे पद मला फार अर्थपूर्ण वाटते. सेवा, त्याग, दिवा घेऊन चालणारी स्त्री अशा भाषेने वेढलेल्या व्यवसायाच्या अभ्यासात त्यांनी पैशाचे पाकीट आणून ठेवले. निष्कर्षही तितकाच कोरडा होता: देशात गरजेपेक्षा जास्त परिचारिका तयार होत आहेत, त्यांतल्या पुष्कळांची तयारी कच्ची आहे, आणि हे थांबवायचे तर रुग्णालयांनी विद्यार्थिनींच्या श्रमावर चालणे थांबवले पाहिजे. जनगणनेचे आकडे याला पूरकच आहेत. १९२० साली देशात सुमारे दीड लाख प्रशिक्षित परिचारिका होत्या. १९३० साली त्या तीन लाखांच्या घरात गेल्या.

अहवालाने जे साधले नाही ते महामंदीने साधले. १९२९नंतर खासगी परिचारिका ठेवण्याची ऐपत मध्यमवर्गाकडे उरली नाही. रजिस्ट्रीतील रांगा वाढल्या. मुली केवळ जेवण आणि खोली यांच्या मोबदल्यात रुग्णालयात काम करायला तयार झाल्या, आणि तेव्हा एक विलक्षण हिशेब व्यवस्थापनांच्या लक्षात आला: शाळा चालवण्यापेक्षा उपाशी पदविकाधारक स्वस्त पडते. शेकडो लहान शाळा बंद पडल्या. आज ज्याला आपण रुग्णालयातील 'स्टाफ नर्स'चे पद म्हणतो, ते अमेरिकेत सार्वत्रिक झाले ते या लाचारीतून. व्यवसायाच्या गौरवग्रंथांत हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. सुझन रिव्हर्बी यांच्या 'ऑर्डर्ड टू केअर' (१९८७) या ग्रंथाने मात्र शुश्रूषेला श्रम म्हणून पाहिल्यामुळे ही कथा नीट उलगडली. (आमच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या सेट-नेट उत्तीर्ण तरुणांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज पडू नये.)

याच काळातली एक घटना गमतीची म्हणून सांगितली जाते. एलेन चर्च या प्रशिक्षित परिचारिकेने बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीला, विमानात प्रवाशांची काळजी घेण्यासाठी परिचारिका नेमा, असे सुचवले आणि १५ मे १९३० रोजी ती जगातील पहिली हवाई परिचारिका म्हणून विमानात चढली. पहिल्या तुकडीतील आठही जणी प्रशिक्षित परिचारिका होत्या. पुढे अनेक वर्षे अमेरिकी विमान कंपन्यांनी ही अट कायम ठेवली. मराठीत ज्यांना पुढे 'हवाई सुंदरी' हे उथळ नाव मिळाले, त्यांच्या पूर्वसूरी रुग्णशुश्रूषेची पदविका घेतलेल्या होत्या आणि कॉफीचे पेले भरीत होत्या. दुसरे महायुद्ध सुरू होऊन परिचारिकांची खरी गरज भासू लागली तेव्हा ही अट सोडून द्यावी लागली.

वाङ्मयाने या बेकारीकडे कसे पाहिले? बहुतांशी पाहिलेच नाही. हेलन डोअर बॉयलस्टन या स्वतः मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात शिकलेल्या परिचारिका. त्यांची 'स्यू बार्टन' ही कुमारिकांसाठीची कादंबरीमालिका १९३६ साली सुरू झाली, म्हणजे परिचारिका जेवणाखोलीवर राबत होत्या त्याच वर्षांत. पहिल्या दोन भागांत स्यू शिकते. तिसऱ्यात (१९३८) ती न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीट वस्तीत घरोघर जाऊन शुश्रूषा करू लागते. लिलियन वाल्ड यांनी १८९३ साली स्थापन केलेली ती संस्था खरीच होती आणि बॉयलस्टन यांचे रुग्णालयीन तपशीलही खरे आहेत. मात्र टेलिफोनजवळचे ते बसून राहणे या विश्वात आलेले नाही. लेखिकेने ते लपवले असा आरोप करणे अन्यायाचे होईल. या लेखनप्रकाराचे कामच मुलींना या व्यवसायाकडे ओढण्याचे होते, आणि प्रत्येक पिढीतल्या मुली तशा ओढल्या जाव्यात हीच तर रुग्णालयांचीही गरज होती.

कृष्णवर्णीय परिचारिकांना मंदीची वाट पाहावी लागली नाही. मेरी महोनी १८७९ साली बॉस्टनमध्ये उत्तीर्ण होऊन पहिल्या प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका ठरल्या आणि त्यांचे बरेचसे आयुष्य खासगी शुश्रूषेतच गेले. बहुतेक शाळा, रुग्णालये आणि व्यावसायिक संघटनांचे दरवाजे बंद असल्यामुळे १९०८ साली या परिचारिकांना आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन करावी लागली. परंतु 'तुटवडा' या शब्दाचे खरे रूप उघडे पडले ते १९४५च्या जानेवारीत. युद्धात परिचारिका कमी पडत आहेत, तेव्हा त्यांची सक्तीची भरती करावी लागेल, असे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काँग्रेसला सांगितले. त्या वेळी सैन्यातील हजारो परिचारिकांमध्ये कृष्णवर्णीयांची संख्या पाचशेच्या आत रोखून धरलेली होती. अर्ज केलेल्या कितीतरी जणी बाहेर उभ्या होत्या. संघटनेच्या कार्यवाह मेबल स्टॉपर्स यांनी हाच प्रश्न जाहीरपणे विचारला: तुटवडा आहे, तर आम्ही कोण आहोत? देशभरातून तारा आणि पत्रे गेली. थोड्याच दिवसांत ही मर्यादा उठली.

युद्धोत्तर काळात रुग्णालये पगारी परिचारिकांवर चालू लागली, शिक्षण हळूहळू महाविद्यालयांकडे गेले. तरीही २००८च्या मंदीनंतर हेच चित्र नव्या रूपात उभे राहिले. नवऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, निवृत्तीची पुंजी आटली, म्हणून ज्येष्ठ परिचारिका निवृत्त होईनात आणि घरी बसलेल्या परत आल्या. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत अमेरिकी रुग्णालयांतील परिचारिकांची संख्या सुमारे २ लाख ४३ हजारांनी वाढल्याचा अंदाज अर्थशास्त्रज्ञांनी दिला. "तुटवडा आहे" हे ऐकून कर्ज काढून शिकलेल्या मुलींना कॅलिफोर्नियासारख्या राज्यात "एक वर्षाचा अनुभव हवा" असे उत्तर मिळू लागले. पूर्वी नवी परिचारिका नको होती, कारण विद्यार्थिनी स्वस्त होती; आता ती नको होती, कारण तिला पहिले काही महिने शिकवण्याचा खर्च रुग्णालयाला सोसायचा नव्हता.

भारताचा इतिहास येथून वेगळा होतो, कारण आपल्याकडे अतिरिक्त उत्पादनाचा प्रश्न नव्हताच. १९४६च्या भोर समितीने नोंदवले त्याप्रमाणे देशात सुमारे सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. खासगी महाविद्यालयांची संख्या वाढली ती पुष्कळ नंतर, आणि तिच्याबरोबर जुनी अमेरिकी युक्ती वेगळ्या नावाने आली. तिचे नाव 'बाँड'. मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या कपाटात, आणि मुलगी नाममात्र वेतनावर वॉर्डात. २०११-१२ मध्ये दिल्ली, मुंबई आणि केरळ येथील खासगी रुग्णालयांतील परिचारिका संपावर गेल्या. मुंबईतील संपकऱ्यांत मल्याळी मुली मोठ्या संख्येने होत्या. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नी समिती नेमण्याचे निर्देश दिले. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी राज्य शासनाच्या परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि लहानात लहान रुग्णालयातही ते २० हजार रुपयांखाली असू नये, अशी शिफारस त्या समितीने केली. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. केरळने २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढली, तीही पुन्हा संपाचे हत्यार उगारले गेल्यानंतर. आखाती देशांतील नोकरीसाठी मात्र सहसा दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला लागतो. तो दाखला मिळावा म्हणून चार वर्षांची पदवी घेतलेली मुलगी आजही 'ट्रेनी' या पदनामाखाली रात्रपाळी करताना आढळते.