सर्व्हर बदलला, तेव्हा फोल्डरचं काय झालं?

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ऑफिसात कॉम्प्युटरवर काम केलं असेल तर 'एच ड्राइव्ह', 'एस ड्राइव्ह' ही अक्षरं आठवतील. तो ड्राइव्ह आपल्या टेबलावरच्या मशीनमध्ये नसायचा. बंद खोलीतल्या सर्व्हरवरचं ते सामायिक फोल्डर असायचं. सर्व्हर जुना झाला की हे सगळं नव्यावर न्यावं लागे. त्या स्थलांतराचा इतिहास आज सांगतो.

नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरची फाइल उघडण्याची एसएमबी ही पद्धत १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी आखली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि १९९६ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ४.० सोबत ती असंख्य ऑफिसांत पोचली. पण एनटी सर्व्हरचा सपोर्ट २००४ अखेर संपला आणि विंडोज सर्व्हर २००३ चा १४ जुलै २०१५ ला. म्हणजे दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवणं आलंच.

आता अडचण काय होती ते बघू. सामायिक फोल्डरमध्ये तीन गोष्टी असतात: फायली, नेटवर्कवर दिसणारं नाव आणि आत कोणाला सोडायचं याची यादी. साध्या कॉपीने फक्त फायली जातात. नाव सर्व्हरच्या रजिस्ट्रीत वेगळं नोंदलेलं असतं. आणि कॉपी झालेली फाइल नव्या जागेचे हक्क घेते. काल फक्त अकाउंट्सला दिसणारी पगारपत्रकं आज सगळ्यांना उघडी! फाइल दिसेनाशी झाली तर माणूस लगेच फोन करतो. नको ती फाइल उघडली तर मात्र बहुतेक जण गप्प बसतात. म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

शेकडो फोल्डरांचे हक्क हाताने लावायचे आणि वेळ शनिवार रात्र ते सोमवार सकाळ. इथे स्क्रिप्ट आली. 'नेट शेअर' या आज्ञेने जुन्या सर्व्हरवरच्या नावांची यादी काढायची आणि त्याच यादीवरून नव्यावर तीच नावं उभी करायची. फायलींसाठी मायक्रोसॉफ्टच्या केव्हिन ॲलन यांनी लिहिलेलं रोबोकॉपी होतं. ते आधी एनटीच्या रिसोर्स किटमधून मिळे. ते हक्कांसकट कॉपी करू शकतं, नेटवर्क तुटलं तर पुन्हा प्रयत्न करतं आणि दुसऱ्यांदा चालवलं की फक्त बदललेल्या फायली नेतं. म्हणून मोठी कॉपी आधीच्या आठवड्यात उरकायची आणि शेवटच्या रात्री नुसता फरक न्यायचा.

यात धोकाही होता. रोबोकॉपीचा 'मिरर' पर्याय मूळ ठिकाणी नसलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या ठिकाणाहून पुसतो. दोन पत्त्यांची अदलाबदल झाली, तर रिकामा नवा सर्व्हर भरलेल्या जुन्याला रिकामा करणार. म्हणून जाणकार आधी नुसती यादी दाखवणारा पर्याय लावून तालीम घेत.

सोमवारी सकाळी लॉगइन स्क्रिप्टमधली 'नेट यूज'ची ओळ नव्या सर्व्हरकडे वळलेली असे. लोकांना तोच 'एच ड्राइव्ह' दिसे. विंडोज २००० पासून डीएफएसमुळे फोल्डरचं नाव मशीनच्या नावापासून वेगळं ठेवता आलं आणि २००६ मध्ये आलेल्या पॉवरशेलने अशा स्क्रिप्ट लिहिणं सुटसुटीत केलं.

मला या इतिहासात वेग वाढला यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. कोणाला कुठे प्रवेश आहे, हे पुष्कळदा एकाच माणसाच्या डोक्यात असे. तो नोकरी सोडून गेला की ते ज्ञानही जाई. स्क्रिप्टसाठी मात्र ते लिहून काढावं लागलं. लिहिलं म्हणून दुसऱ्याला वाचता आलं, आणि वाचल्यावर विचारता आलं की तीन वर्षांपूर्वी बदली झालेल्या माणसाचं नाव या यादीत अजून कसं?

तुमच्या ऑफिसच्या जुन्या डिस्कवर अशी एखादी स्क्रिप्ट सापडली, तर पुसण्याआधी एकदा वाचा. त्या ऑफिसात कोणते विभाग होते आणि कोणावर किती विश्वास होता, ते तिच्यात ओळीओळीने नोंदलेलं असेल.