कुरणात गेलेली शाळा

एडवण माझं गाव. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी गावापासून थोडं आत, पाड्यावरच्या एका शाळेला टॅब दिले. ऐन जुलैत. त्यातलं गणिताचं ॲप मी बनवलं होतं. कोण किती वेळ वापरतंय ते मला पुण्यात बसून दिसायचं. पहिले पंधरा दिवस आकडा जवळजवळ शून्य. मला वाटलं, सिंक बिघडलंय. बाईंना फोन केला. "अहो, लावणी चालू आहे. पोरं शेतावर आहेत," त्या म्हणाल्या. आणि मग, "कोसबाडबद्दल वाचा कधीतरी."

कोसबाड आमच्याच जिल्ह्यातली, डहाणूच्या पुढची टेकडी. पण गोष्ट सुरू होते तिच्या जवळच्या बोर्डीला, १९४५ मध्ये. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पन्नाशी ओलांडल्यावर तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला.

त्याच वर्षी मे महिन्यात जवळच झरीला वारल्यांची सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठ नाकारली. तोवर लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको 'लग्नगडी' म्हणून सावकाराकडे राबायचे. अशा घरात सहा-सात वर्षांचं पोरही कामाचंच. गुरं राखायची, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरायचं. शाळेला फी नसली तरी ती फुकट नव्हती. पोर शाळेत गेलं की घरातला एक माणूस कमी व्हायचा. (आम्ही टॅबचा खर्च पैशापैशाने मांडला होता. हा खर्च आमच्या एक्सेलमध्ये नव्हता.)

पुढे केंद्र कोसबाडला गेलं आणि हा प्रश्न रोजचाच झाला. ताराबाई-अनुताईंनी पालकांना उपदेश केला नाही, शाळा कुरणात नेली. गुरं चरतायत, पोरं तिथेच शिकतायत: कुरणशाळा. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून खडे, बिया, शिंपले, पानं. कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर काढलं, त्याच आवारात बालवाडी आणि प्राथमिक शाळा, म्हणजे विकासवाडी. दिवसा ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट पाळणाघर वाटते. शाळेत बाळ रांगतंय म्हणून त्याची मोठी बहीण शिकते.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, काम चालू ठेवलं. १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' देशभर पोचली. शब्द पोचला, कोणाच्या कामाच्या वेळेनुसार शाळा भरवायची, हा प्रश्न मात्र बराचसा मागेच राहिला, असं मला वाटतं.

यंदा मी बाईंकडे हजेरीपट मागितला. लावणीला खड्डा, कापणीला खड्डा. दिवाळीनंतर काही नावांपुढे सलग गैरहजर. ती घरं वीटभट्टीवर गेलेली. अशा मुलांसाठी विधायक संसदेने आमच्याच भागातल्या भट्ट्यांवर भोंगाशाळा भरवल्या होत्या. टॅब भट्टीवर नेता येतील का, असं मी बाईंना विचारलं.

"आधी ती पोरं कुठल्या भट्टीवर आहेत ते तर शोधा," त्या म्हणाल्या.