अंबरनाथचे कारखाने आणि सरकारी खरेदींतील ‘देशी’ हा शब्द

अंबरनाथचें नांव घेतांच आमच्या वाचकांस तेथील शिवालयांतील शके ९८२ चा (इ. स. १०६०) शिलालेख आठवेल. डॉ. भाऊ दाजींनीं त्यांतील शक ७८२ वाचला, पंडित भगवानलाल इंद्रजींनीं तो ९८२ ठरविला. एका अंकानें देवालय दोनशें वर्षें अलीकडे आलें. त्याच गांवच्या कारखान्यांचा इतिहास लिहितांनाहि हीच दक्षता लागते. तेथें घोटाळा अंकाचा नसून ‘देशी’ या शब्दाचा आहे. सरकारनें देशी मालास झुकतें माप द्यावें, हें तत्त्व सर्वांस मान्य. परंतु देशी कोणास म्हणावें, याचें उत्तर कालपरत्वें बदलत गेलें आहे.

१९२२ सालीं परदेशी आगपेट्यांवरील जकात ग्रोसामागें दीड रुपया झाली. तेव्हां स्वीडिश आगपेटी कंपनीनें १९२३ सालीं ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’, म्हणजे विम्को, स्थापिली व अंबरनाथेस कारखाना घातला. १९२८ च्या कायद्यानें तीच जकात संरक्षक ठरली, आणि कुंपणाच्या आंत येऊन बसलेल्या परकीयासहि तिचें संरक्षण मिळालें. ही गोष्ट जकातीची आहे, सरकारी खरेदीची नव्हे. तथापि परकीय कंपनी अशा धोरणानें हटत नाहीं, वेष पालटते, हें येथें स्वच्छ दिसतें.

सरकारी खरेदीसाठीं इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट १९२२ सालीं निघालें. १ जानेवारी १९३१ पासून निविदा हिंदुस्थानांत, रुपयांत मागविण्याचा नियम आला. माल पुरेसा चांगला असल्यास येथें तयार झालेला आधीं घ्यावा, असें त्यांत होतें. मालक कोण, हें त्या नियमानें विचारलें नाहीं. तो प्रश्न १९२५ सालीं परकीय भांडवलाच्या समितीनें विचारला होता: सरकारी साहाय्य घेणाऱ्या कंपनीचें भांडवल रुपयांत असावें, संचालकांत हिंदी लोक असावेत, आणि हिंदी तरुणांस शिक्षणाची सोय असावी. आमच्या मतें यांतील तिसरी अट सर्वांत मोलाची. पुढें १९३५ च्या कायद्याच्या ११६ व्या कलमानें साहाय्याच्या बाबतींत येथें व्यापार करणाऱ्या विलायती कंपन्यांस हिंदी कंपन्यांच्या पंक्तीस बसविलें. वरील अटी नव्यानें धंद्यांत उतरणाऱ्यांपुरत्याच लावण्याची मोकळीक ठेविली.

स्वातंत्र्यानंतर अंबरनाथेसच सरकारनें दुसरा मार्ग धरला. मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या तांत्रिक साहाय्यानें उभी राहिली व तेथें कारागिरांस शिकविण्यांत आलें. येथें सरकारनें यंत्राबरोबर विद्याहि घेतली. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमाकडे आहे.

१५ जून २०१७ च्या केंद्रीय आदेशानें व त्याच्या २०२० च्या सुधारणांनीं मूल्याचा टक्का ही मुख्य कसोटी केली. देशी अंश निदान ५० टक्के असेल तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार, २० ते ५० असेल तो दुसऱ्या. त्याखालील बिगरदेशी, आणि २०० कोटींपर्यंतच्या खरेदींत जागतिक निविदा सामान्यतः बंद. समजा, दुसऱ्या वर्गाच्या पुरवठादारानें १०० रुपये हा सर्वांत कमी दर दिला व पहिल्या वर्गाच्यानें ११८. तर वांटतां येण्याजोग्या मालाचा अर्धा हिस्सा पहिल्या वर्गाच्यास १०० रुपयांनींच देऊं केला जातो. टक्का भरण्यासाठीं परकीय कंपनीस सुटे भाग येथें घ्यावे लागतात, व अंबरनाथच्या एमआयडीसींतील लहान यंत्रकारखानदारास त्यांत काम मिळूं शकतें. मात्र आराखडा कोणाचा, हें टक्क्यावरून कळत नाहीं.

२४ जुलै २०२५ रोजीं ब्रिटनशीं झालेल्या करारांत, ज्याच्या मालांत निदान २० टक्के अंश ब्रिटनचा आहे अशा पुरवठादारास दुसऱ्या वर्गांत धरण्याचें कलम आहे. १९३५ चें कलम वाचलेल्यास तें अनोळखी वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं या वेळीं सही आपली आहे.

अंबरनाथ-कल्याणकडील ज्या संग्राहकांपाशीं या कारखान्यांचे करारनामे, निविदापत्रें वा शिकाऊ कामगारांचे दाखले असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे अवश्य पाठवाव्यात.