व्याख्यान कोणाचे? वर्गातील टिपणांचा दोनशे वर्षांचा इतिहास

परीक्षेच्या आदल्या रात्री आलेली नोट्सची पीडीएफ तुमच्यापैकी बहुतेकांनी उघडली असेल. ती मुळात कोणी लिहिली, हा प्रश्न त्या वेळी पडत नाही. मलाही विद्यार्थी असताना पडला नव्हता. शिक्षक झाल्यावर काही वर्षांनी माझ्या थर्मोडायनॅमिक्सच्या टिपणांची जुनी प्रत एका संकेतस्थळावर पैसे घेऊन दिली जात असल्याचे एका विद्यार्थ्याने मला दाखवले. त्यात एका उदाहरणात चिन्हाची चूक होती. वर्गात ती मी फळ्यावर दुरुस्त केली होती. त्या प्रतीत ती तशीच राहिली होती. पैशांपेक्षा मला त्या चुकीचे जास्त वाईट वाटले. हा वाद मात्र इंटरनेटपेक्षा फार जुना आहे.

लंडन, १८२४

१८२३ मध्ये थॉमस वाकली यांनी लंडनमध्ये 'द लॅन्सेट' हे वैद्यकीय साप्ताहिक सुरू केले. त्याची किंमत सहा पेन्स होती. पुढच्या वर्षी त्यात सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद जॉन अॅबरनेथी यांची व्याख्याने त्यांच्या परवानगीशिवाय छापली जाऊ लागली. अॅबरनेथी न्यायालयात गेले. व्याख्याने शब्दशः लिहिलेली नव्हती, त्यामुळे लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांनी सुरुवातीला मनाईहुकूम दिला नाही. १८२५ मध्ये त्यांनी तो दिला. तत्त्व असे: विद्यार्थ्याने स्वतःच्या अभ्यासासाठी टिपणे जरूर घ्यावीत, पण ती नफ्यासाठी छापणे हा त्याच्यावर टाकलेल्या विश्वासाचा भंग आहे.

वाकली यांची बाजूही समजून घ्या. व्याख्यानांची फी भारी होती, आणि सार्वजनिक रुग्णालयातले ज्ञान मोजक्यांपुरते का राहावे, असा त्यांचा सवाल होता. तो आजही खोटा ठरलेला नाही.

ग्लासगो, १८८७

१८३५ मध्ये ब्रिटिश संसदेने व्याख्यानांसाठी स्वतंत्र कायदा केला, पण विद्यापीठांतील व्याख्याने त्यातून वगळली. पुढे ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक एडवर्ड केअर्ड यांची व्याख्याने सीम नावाच्या पुस्तकविक्रेत्याने छापली. स्कॉटलंडच्या न्यायालयात केअर्ड हरले. १८८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जिंकले. वर्गात शिकवणे म्हणजे साऱ्या जगासाठी प्रकाशित करणे नव्हे, असा निर्णय झाला.

भारतात काय?

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षकाची लिखित टिपणे साहित्यकृती ठरतात. नोकरीचा भाग म्हणून लिहिली असतील, तर वेगळा करार नसल्यास हक्क संस्थेकडेही जाऊ शकतो. व्याख्यान देणाऱ्यालाही कायदा 'कलावंता'च्या व्याख्येत धरतो. म्हणून परवानगीशिवाय वर्गाचे रेकॉर्डिंग करून ते पसरवणे ही किरकोळ बाब नाही.

त्याच कायद्यातील कलम ५२ अध्यापनासाठी सूट देते. २०१२ मध्ये तीन परदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानावर दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, शिकवण्यासाठी लागते तेवढी प्रत काढणे कायद्यात बसते, असे सांगितले. अभ्यासाला मुभा आहे. व्यापाराला ती तशीच लागू होत नाही.

तिसरा मार्ग

२००१ मध्ये एमआयटीने आपले अभ्यासक्रम साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली. आपल्याकडे २००३ पासून आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या एनपीटीईएलने हीच वाट धरली. वाकली यांच्या सवालाला हे खरे उत्तर आहे, कारण इथे शिक्षक स्वतःहून देतो, त्याचे नाव राहते आणि चूक सापडली तर दुरुस्त करता येते.

शेवटी मायकेल फॅरडे आठवा. बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या या मुलाने १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे नीट उतरवली, स्वतः बांधली आणि ती डेव्ही यांनाच पाठवली. १८१३ मध्ये डेव्ही यांनी त्याला सहायक म्हणून घेतले. टिपणे त्यानेही वाटलीच, पण आधी ज्यांची होती त्यांच्याकडे नेली.

पुढची पीडीएफ पाठवण्यापूर्वी आपल्या सरांना किंवा मॅडमना एकदा विचारा. बहुतेक जण 'हो' म्हणतील, आणि सुधारलेली प्रतही देतील.

विचारासाठी प्रश्न: अॅबरनेथी आणि वाकली यांपैकी कोणाची बाजू तुम्हाला पटते? आज फी न परवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने उत्तर बदलते का?