नर्मदाकाठचे बिऱ्हाड



घरातला कर्ता माणूस गेला की मागे राहिलेल्या बाईपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो बिऱ्हाडाचा. आता राहायचे कुठे? आणि गेलेल्या माणसाची आठवण जपायची कशी? दगड बसवून, दिवा लावून, की आणखी काही करून? हा प्रश्न आपल्या गावातल्या साध्या बाईला पडतो, तसा तो एका राणीलाही पडला होता. त्या राणीची गोष्ट आज सांगायची आहे.

अहिल्याबाई होळकरांचा जन्म 1725 सालचा. गाव चौंडी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातले. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. 1733 साली मल्हारराव होळकरांच्या घरी, त्यांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे मालेराव आणि मुक्ताबाई अशी दोन मुले झाली.

1754 साली मराठ्यांच्या फौजांनी जाटांच्या कुंभेर किल्ल्याला वेढा दिला. त्या वेढ्यात किल्ल्यावरून आलेला तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. तेव्हा मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, असा त्या म्हाताऱ्याच्या बोलण्याचा भाव होता. अहिल्याबाई थांबल्या.

हे थांबणे सोपे नव्हते बरे का! सती गेलेल्या बाईचा जयजयकार होई, आणि मागे राहिलेल्या बाईला जन्मभर लोकांच्या नजरा सोसाव्या लागत. ज्या बाईला जगायचे ठरवावे लागले, तिला आपण कशासाठी जगलो हेही दाखवावे लागले. अहिल्याबाईंचे पुढचे सगळे आयुष्य म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे, असे मला वाटते.

मल्हाररावांनी सुनेला कारभारात घातले. फौजेचा खर्च, तोफा, दारूगोळा, दाणागोटा, सगळे त्या पाहू लागल्या. 1766 साली मल्हारराव आलमपूरला वारले. तिथे अहिल्याबाईंनी सासऱ्यांची छत्री बांधवली. वर्षभरात, 1767 साली, मालेरावही गेले. नवरा, सासरा, मुलगा, तिघेही गेले. दौलत बळकवायला माणसे टपलीच होती. खुद्द राघोबादादा फौज घेऊन निघाले. पण बाईंनी धीर सोडला नाही. माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मानला. लष्कराची बाजू तुकोजी होळकरांनी सांभाळायची आणि मुलकी कारभार बाईंनी, अशी वाटणी झाली.

आणि मग बाईंनी बिऱ्हाड हलवले. इंदूर मागे ठेवून त्या नर्मदेच्या काठी महेश्वरला राहायला गेल्या. महेश्वर हे जुने तीर्थक्षेत्र. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारे यात्रेकरू, परिक्रमेचे लोक, गोसावी, बैरागी यांची तिथे सतत ये-जा. तिथे बाईंनी उंच किल्ल्यात आपला वाडा बांधला. तो आजही पाहायला मिळतो. लाकडी खांब, उतरते छप्पर, एखाद्या खात्यापित्या पाटलाचा असावा तसा. राणीचा वाडा म्हणून डोळे दिपावेत असे त्यात काही नाही. डोळे दिपतात ते खाली उतरल्यावर, घाट पाहून. म्हणजे स्वतःच्या राहण्यावर खर्च बेताचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या सोयीवर सढळ हाताने.

तिथे त्यांनी विणकर आणून वसवले. महेश्वरी लुगडे पुढे प्रसिद्ध झाले ते त्यामुळेच. तिथले माग अजून चालतात.

आता धर्मशाळांकडे वळू. त्या काळी काशीला निघालेला माणूस घरच्यांचा शेवटचा निरोप घेऊनच निघे. वाटेत चोर, रोगराई, पाऊस. रात्री पाठ टेकायला जागा मिळेल की नाही याचा भरवसा नसे. अहिल्याबाईंनी देवळे बांधली हे आपण शाळेत शिकवतो. काशीविश्वेश्वराचे देऊळ 1780 चे, सोमनाथचे 1783 चे. पण देवापर्यंत पोचणाऱ्या माणसाचीही त्यांनी तेवढीच काळजी वाहिली. विहिरी, घाट, अन्नछत्रे, धर्मशाळा यांची त्यांनी देशभर जणू माळच ओवली. हिमालयात केदारनाथाच्या वाटेवर त्यांची दगडी धर्मशाळा होती. त्या गेल्यावर वीसएक वर्षांनी, 1818 साली, एका इंग्रज अधिकाऱ्याने ती पाहिल्याची नोंद आहे.

सर जॉन माल्कम हा इंग्रज सेनापती. होळकरांच्या फौजेशी लढलेला. त्याने माळव्यात हिंडून, लोकांना विचारून अहिल्याबाईंची माहिती जमवली आणि 1823 साली आपल्या ग्रंथात छापली. तो सांगतो की उन्हाळ्यात रस्त्यावर वाटसरूंना पाणी द्यायला बाईंची माणसे उभी असत. थंडीच्या सुरुवातीला कपडे वाटले जात. नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजले जाई. एवढेच काय, शेतकरी पाखरांना हाकलतात म्हणून पाखरांसाठी उभी पिके विकत घेतली जात! शत्रूच्या गोटातला माणूस हे लिहितो, हे ध्यानात ठेवावे.

आणि हा पैसा कुठला? इथे शिक्षकबंधूंनी जरा थांबावे. होळकरांच्या घरात सरकारी खजिना वेगळा आणि खासगी वेगळी. खासगी जहागीर सासूबाई गौतमाबाईंच्या नावची. 1761 साली त्या वारल्यावर ती अहिल्याबाईंकडे आली. दानधर्माचा खर्च बाई या खासगीतून करीत. रयतेच्या सारावसुलीवर पुण्य कमवायचे नाही, हा त्यांचा हिशेब. आजच्या सार्वजनिक पैशाच्या काळातही तो समजून घेण्यासारखा आहे.

पण गोष्ट इतकी गोड संपत नाही. 1791 साली मुक्ताबाईंचे यजमान यशवंतराव फणसे वारले. त्याआधीच त्यांचा मुलगा गेला होता. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. अहिल्याबाई लेकीच्या पाया पडल्या. मी थांबले, तूही थांब, असेच त्या आईला म्हणायचे असणार. लेक ऐकेना. सारा कारभार हाकणारी राणी, पण ही एक चिता तिला विझवता आली नाही. माल्कम सांगतो की चिता पेटली तेव्हा दोघा ब्राह्मणांनी बाईंना धरून ठेवले होते, आणि पुढे तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. मग उठून त्यांनी लेकीजावयाचे स्मारक बांधवले. सतीबंदीचा कायदा व्हायला अजून अडतीस वर्षे होती.

एका घरातल्या दोन बायका. एकीने चितेवर उत्तर दिले. दुसरीने चुली पेटवून दिले, अन्नछत्रातल्या, धर्मशाळांतल्या, हजारो परक्यांसाठी. दोघींचेही दुःख खरे होते. पण कुंभेरच्या रणात एकोणतिशीच्या आतली ती सून थांबली नसती, तर केदारनाथच्या थंडीत कुडकुडणाऱ्या यात्रेकरूला छप्पर कोणी दिले असते?

13 ऑगस्ट 1795 रोजी, सत्तर वर्षांच्या होऊन, अहिल्याबाई महेश्वरलाच गेल्या. कुंभेरजवळ खंडेरावांची छत्री आहे. पण त्यांचे खरे स्मारक मला दुसरेच वाटते. त्यांच्यामागे जी जगली, तिने वाटसरूंसाठी उघडे ठेवलेले दार, हेच ते.

शिक्षकबंधुभगिनींनो, एक काम सुचवतो. आपल्या किंवा शेजारच्या गावात जुनी धर्मशाळा, पाणपोई, विहीर असेल. मुलांना घेऊन तिथे जा. दगडावर काही अक्षरे असतील तर चुना, शेवाळ पुसून वाचा. पुष्कळदा तिथे लिहिलेले आढळेल की कोणा बाईने आपल्या नवऱ्याच्या, किंवा कोणा नवऱ्याने आपल्या बायकोच्या स्मरणार्थ हे बांधले. ते नाव मुलांकडून वहीत लिहून घ्या. इतिहासाचा धडा तिथूनच सुरू होतो.