हिशेब जुळवणारी गोगलगाय

मासे पाळणं ही श्रीमंतांची हौस, अशी आमच्या भिवंडीत समजूत आहे. इथं यंत्रमागांच्या खटाखटीत माणसाला धड झोप नाही, तिथं माशांचे लाड कोण करणार? पण या हौसेचा इतिहास वाचला आणि माझ्यासारख्या बी.कॉम. कारकुनाला ती एकदम घरची वाटू लागली. तिचं मूळ चक्क ताळेबंदात आहे.

पूर्वी मासे काचेच्या भांड्यात ठेवत आणि सारखं पाणी बदलत. नाही बदललं की मासे गुदमरत. १८४९ साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं यावर तोड काढायचं मनावर घेतलं. बारा गॅलनांचं भांडं, तळाला वाळू-चिखल, दोन छोटे सोनमासे आणि रिबिनीसारख्या पानांचं व्हॅलिस्नेरियाचं रोप. मासा कर्बवायू सोडतो. उजेडात रोप तो घेतं आणि प्राणवायू देतं. एकाचा खर्च ती दुसऱ्याची जमा!

पण ताळा जमेना. जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं. आमच्याकडे असा फरक निघाला की रात्री नऊपर्यंत सगळे बसून राहतात. वॉरिंग्टननं तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि हिशेब जुळला. १८५० साली त्यानं हे रीतसर छापलं. कचेरीत सह्या दोघांच्या असतात आणि काम तिसऱ्यामुळं चालतं, हे आमच्या शिपायाला न वाचताच ठाऊक आहे.

पुढचं काम कर खात्यानं केलं. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ साली उठला होता. काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, पुढल्याच वर्षी फिलिप गॉसचं पुस्तक आलं आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी गेला. आपल्याकडे १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय झालं. त्याच्या काचेला नाक लावायला लहानपणी आम्ही कल्याण आणि दादर अशा दोन ठिकाणी गाड्या बदलून जात असू.

बारा गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर. दुकानातली दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी जवळजवळ तेवढीच. मुलीच्या हट्टानं ती आमच्याकडे आली. तळाला माती, वर धुतलेली वाळू, मागे उंच व्हॅलिस्नेरिया, पुढे बुटकी रोपं, मध्ये माशांना मोकळं अंगण. दिवा रोज सात-आठ तास. जास्त ठेवला की शेवाळ चक्रवाढ व्याजानं वाढतं. रोपं रुजेपर्यंत महिनाभर मासे आणायचे नाहीत. तो महिना मुलीला फार जड गेला.

दुकानदार बारा मासे देत होता, मी चार घेतले. अंधारात रोपंसुद्धा प्राणवायूच घेतात. रात्री सगळेच कर्जदार! परवा मध्यरात्री वीज गेली. माग थांबले, आणि त्या शांततेनं गल्ली जागी झाली. पंपही बंद. मुलगी टॉर्च घेऊन पहाटेपर्यंत पेटीसमोर बसली. उजाडलं तेव्हा चौघेही हिंडत होते.

“बाबा, अजून चार आणू या?” तिनं विचारलं.

मी गोगलगायीकडे बोट दाखवलं. ती सावकाश काचेवर चढत होती. वाढीव कामाला तिची संमती दिसली नाही.