ताठरतेचं इंजेक्शन घेण्याआधी सिकलसेलची तपासणी का गरजेची? जाणून घ्या

हुडकेश्वर (नागपूर) : लिंगाला ताठरता न येणे हा आजार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. शुगर, बीपी, तंबाखू, दारू, मनावरचा ताण ही त्याची नेहमीची कारणं. कधीकधी हृदयविकाराची ही पहिली खूणही असते. डॉक्टर आधी गोळ्या देतात. गोळीचा गुण आला नाही, किंवा हृदयासाठी नायट्रेटची गोळी सुरू असल्याने ती देता येत नसेल, तर इंजेक्शनचा पर्याय असतो.

इंजेक्शन काम कसं करतं?
लिंगात रक्त भरलं की ताठरता येते. त्यासाठी आतले स्नायू सैल व्हावे लागतात. पॅपाव्हरिन, फेंटोलामाइन आणि अल्प्रोस्टॅडिल ही औषधं तेच काम करतात. १९८२ मध्ये फ्रान्सचे डॉक्टर रोनाल्ड विराग यांनी पॅपाव्हरिनचा हा उपयोग जगापुढे मांडला. बारीक सुईने लिंगाच्या बाजूला टोचल्यावर साधारण ५ ते २० मिनिटांत परिणाम दिसतो. कंबरदुखीवर मिळणारं स्नायू सैल करणारं औषध वेगळं, त्याचा इथे उपयोग नाही.

विदर्भात जास्त काळजी का?
विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. या आजारात रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात. त्यामुळे लिंगात भरलेलं रक्त परत न फिरण्याचा धोका वाढतो. सिकलसेलच्या रुग्णाला, अगदी लहान मुलालाही, इंजेक्शन न घेता असा त्रास होऊ शकतो. म्हणून 'एसएस' रुग्णच नव्हे, तर 'एएस' वाहकांनाही अल्प्रोस्टॅडिलचं इंजेक्शन देऊ नये, असं औषधाच्या सूचनेतच लिहिलेलं असतं. बरेच वाहक ठणठणीत असतात, त्यामुळे त्यांना आपण वाहक आहोत हे माहीतच नसतं.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं. प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात होते. तपासणीनंतर मिळालेलं कार्ड डॉक्टरांना दाखवावं.

चार तासांचा नियम
ताठरता ४ तासांनंतरही उतरली नाही, तर ती इमर्जन्सी आहे. अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो, आतला भाग निकामी होतो आणि कायमचं नपुंसकत्व येऊ शकतं. सकाळची वाट पाहू नये, घरगुती उपाय करू नयेत. गावाहून नागपूरला पोचायला लागणारा वेळही धरून चालावं. मेडिकल किंवा मेयोच्या अपघात विभागात रात्रीही जाता येतं. तिथे डॉक्टर सुईने रक्त काढून औषध देतात. वेळेत पोचल्यास नुकसान टळतं.

हे लक्षात ठेवा
• पहिला डोस डॉक्टरांसमोरच घ्यावा. टोचायची पद्धत तेच शिकवतात.
• २४ तासांत एकदाच, आठवड्यात जास्तीत जास्त ३ वेळा. डोस मनाने वाढवू नये.
• रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर आधी सांगावं.
• दुसऱ्याचं उरलेलं इंजेक्शन वापरू नये.
• भिंतीवर किंवा मोबाईलवर 'मर्दानी ताकद' वाढवण्याची हमी देणाऱ्यांपासून लांब राहावं. अशा औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.